डेलियाला पीळ कोणी घातला?

१

मंगळवारी सकाळी साडेसहाला माळीदादांनी बागेत आरोळी ठोकली, तेव्हा हाडांच्या दवाखान्यातले निम्मे रुग्ण दात घासत होते आणि उरलेले निम्मे दात घासायला कोणी उठवू नये म्हणून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. आरोळीच अशी होती की सोंगवालेसुद्धा ताडकन उठून बसले.

पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी बसलेल्या भिंगमावशींनी खाली पाहिलं. दवाखान्याच्या दारासमोरच्या लांबलचक वाफ्यापाशी माळीदादा मटकन खाली बसले होते आणि त्यांनी डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं.

भिंगमावशींना हे नाव इथल्या नर्सनी दिलं होतं. मावशींची चाळीस वर्षं एका प्रयोगशाळेत आजारी पानं बघण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर न्हाणीघराच्या पायरीवरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि पाच आठवड्यांपासून मुक्काम इथे होता. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग मात्र त्यांनी ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नर्सच्या हातात मोठ्या नाखुशीनंच दिलं होतं. जेवणाच्या ताटातली भाजीसुद्धा त्या आधी भिंगातून बघत, मग खात. स्वयंपाकीणबाईंना त्याचा फार राग यायचा.

वॉकर ठकठक वाजवत मावशी खाली पोचल्या, तोवर वाफ्याभोवती बरीच गर्दी जमली होती.

वाफ्यात डेलियाची अठरा झाडं होती. कालपरवापर्यंत ती या दवाखान्याची शान होती. माळीदादांच्या लग्नात सासऱ्यांनी घड्याळ कबूल केलं होतं आणि दिली डेलियाच्या कंदांची टोपली. पहिली दोन वर्षं माळीदादा त्यावरून धुसफुसले, मग ते त्या कंदांच्या प्रेमातच पडले. ते म्हणायचे, घड्याळ मिळालं असतं तर एव्हाना बंद पडलं असतं, कंद मात्र दर वर्षी दुप्पट होतात.

आज त्या अठराही झाडांच्या माना मोडल्यासारख्या खाली झुकल्या होत्या. देठ दोरी पिळावी तसे पिळले होते. शेंड्याची कोवळी पानं अरुंद, चिंचोळी होऊन आतल्या आत वळली होती.

"चार दिवस शेंडे जरा वाकडे वाटत होते, म्हटलं ऊन लागलं असेल," माळीदादा म्हणाले. "आज बघतो तर हे! बाई, कोणीतरी विष घातलंय."

मावशींनी भिंग डोळ्याला लावलं. पानाची वरची बाजू पाहिली, खालची पाहिली. मावा किंवा कोळी अशी कीड नव्हती, भुरी रोगाची पांढरी पूडही नव्हती. जुनी, खालची पानं बरीचशी धडधाकट होती. पीळ होता तो सगळा नव्या फुटीला. त्याच वाफ्यात मागच्या रांगेत कर्दळ उभी होती, ती मात्र जावयासारखी ताठ.

"कर्दळीला काहीच कसं नाही?" मावशी स्वतःशीच पुटपुटल्या.

तेवढ्यात व्यवस्थापक आले. सकाळी सातला कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा दवाखान्यातला हा एकच माणूस.

"औषधांचं कपाट उघडा," ते म्हणाले.

बागेच्या खोपटात ते कपाट होतं आणि त्याची किल्ली दारामागच्या खिळ्याला असायची. माळीदादांनी कपाट उघडलं. किडींच्या औषधाशेजारी तणनाशकाची बाटली होती. दोन वर्षांपूर्वी व्यवस्थापकांनीच ती आणवली होती. माळीदादांनी मात्र ती कधी वापरली नव्हती, कारण तण हातानं उपटायचं हा त्यांचा बाणा.

व्यवस्थापकांनी बाटली उजेडात धरली. तिचं झाकण उघडलेलं होतं आणि बाटली निम्मी रिकामी होती.

२

"दहा दिवसांनी विश्वस्तांची बैठक आहे," व्यवस्थापक म्हणाले. "या बाटलीचा हिशेब लागला नाही, तर मला दुसरा माळी बघावा लागेल. दारात रुग्ण फिरतात, इथे विषाचा खेळ चालणार नाही."

माळीदादांनी मान खाली घातली आणि कपाटाचं दार लावलं. एरवी ते पानाफुलांशीसुद्धा गप्पा मारत. आज मात्र त्यांनी वाफ्याकडे वळूनही पाहिलं नाही, आणि ते मावशींना फार लागलं.

त्या दिवसापासून भिंगमावशींनी शोध हाती घेतला. डॉक्टरांनी रोज शंभर पावलं चालायला सांगितलं होतं. मावशींनी मनाशी ठरवलं, चालायचंच आहे तर कामाचं चालू.

पहिला संशय कॅप्टनवर होता. ते आयुष्यभर बोटीवर राहिले आणि शेवटी घराच्या अंगणात पडून घोटा मोडून घेतला. त्यांची खोली तळमजल्यावर, खिडकी थेट डेलियावर उघडणारी. फुलांमुळे शिंका येतात अशी त्यांची सततची तक्रार. तक्रारवहीत त्यांनी लिहूनच ठेवलं होतं, "ही फुलं तरी राहतील नाहीतर मी तरी." शिवाय खिडकीतून वाफ्यात तपकिरी बाटलीतलं काहीतरी ओतताना मेट्रनबाईंनी त्यांना पाहिलं होतं.

"काय ओतत होतात हो?" मावशींनी सरळ विचारलं.

कॅप्टननी मिशीला पीळ दिला, घसा खाकरला, समुद्रावरच्या दोन वादळांची नावं घेतली. मग आवाज एकदम खाली आणला. "मेट्रनला सांगू नका. ते ताकदीचं औषध. गंजलेले खिळे उकळून केल्यासारखं लागतं. रोज एक चमचा मी वाफ्याला पाजतो."

मावशींनी बाटली हुंगली. खरंच गंजाचा वास. त्यांनी कॅप्टनना खिडकीतून हात बाहेर काढायला लावला. हात पोचत होता तो फार तर दोन झाडांपर्यंत. पीळ बसला होता अठरा झाडांना, एकसारखा.

"तुम्ही सुटलात," मावशी म्हणाल्या. "पण औषध घेत चला. घोटा झाडाचा नाही, तुमचा मोडलाय."

दुसरा संशय खुद्द व्यवस्थापकांवर. हा वाफा काढून रुग्णवाहिका उभ्या करायला जागा करावी असं ते वर्षभर म्हणत होते. मावशींनी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"वाफा काढायचा असता तर मी पत्रक काढलं असतं, तीन प्रतींत," व्यवस्थापक दुखावून म्हणाले. "आणि ती जागा मला मागच्याच महिन्यात फाटकाबाहेर मिळाली." त्यांनी मंजुरीचा कागदही दाखवला. शिक्के चार होते.

दुपारी चालण्याचा सराव. तो घेणाऱ्या बाईंना सगळे पाऊलताई म्हणत, कारण त्यांच्या तोंडी दिवसभर एकच, "अजून एक पाऊल." तिशीतली, काटकुळी मुलगी, पण आडदांड रुग्णालाही सहज पेलायची. दवाखान्यामागच्या हिरवळीवर तिनं चालण्यासाठी एक पट्टा आखला होता. गवतावर अनवाणी चालल्यानं तळव्यांना जाग येते असं ती म्हणायची.

"मावशी, बूट घाला," ती म्हणाली.

"अजून बूटच? पंधरा दिवस झाले की."

"हिरवळ ओली असते हल्ली. पाय घसरायचा." पाऊलताईनं मान खाली घालून मावशींच्या बुटांची नाडी बांधली.

शेजारी शिंपीकाका काठी टेकत चालत होते. मांडीचं हाड मोडून सात महिने प्लास्टरमध्ये काढलेला माणूस. "मला बूटच बरे," ते म्हणाले. "अनवाणी चाललो तेव्हा पहिल्याच पावलाला सराट्याचा काटा घुसला. त्यानंतर अकरा दिवस पाय जमिनीला लावला नाही मी. ही पोरगी रोज माझ्यासमोर बसून रडायची बाकी होती."

पाऊलताई हसली, पण मावशींना ते हसू नेहमीचं वाटलं नाही. त्या काही विचारणार, तोच मेट्रनबाई धापा टाकत आल्या.

"चला लवकर! माळीदादा व्यवस्थापकांसमोर बसलेत. म्हणताहेत, मीच केलं!"

३

व्यवस्थापकांच्या खोलीत माळीदादा टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

"मागच्या रविवारी मी डेलियावर माव्याचं औषध मारलं," ते म्हणाले. "दोन्ही बाटल्या एका आकाराच्या. वर्षभरापासून मला अक्षर दिसत नाही, सगळं धुक्यात असल्यासारखं. लाजेपायी कोणाला बोललो नाही. बाटली निम्मी झालेली पाहिली आणि माझ्या लक्षात आलं. चुकीची बाटली उचलली मी. माझ्या हातानं मारली माझी झाडं."

 व्यवस्थापकांनी उगीचच टेबलावरचे कागद सारखे केले.

"रविवारी आणखी कुठे मारलंत औषध?" मावशींनी विचारलं.

"फाटकाजवळच्या छोट्या वाफ्यावर. तिथेही सहा डेलिया आहेत."

"त्याच पंपानं? त्याच पाण्यातलं?"

"त्याच. पंप एकदाच भरला होता."

मावशी वॉकर घेऊन उठल्या. फाटक नव्वद पावलांवर होतं. तिथल्या सहा डेलिया उघड्या मातीत तरतरीत उभ्या होत्या आणि दोन झाडांना टपोऱ्या कळ्याही आल्या होत्या.

परत येऊन मावशी खुर्चीत कोसळल्या. खुबा ठणकत होता, पण चेहरा उजळला होता. "माळीदादा, तुमचा कबुलीजबाब नामंजूर. एकाच पंपातलं औषध अठरा झाडांना मारतं आणि सहा झाडांना जगवतं, असं होत नाही. तुम्ही योग्यच बाटली उचललीत. डोळे मात्र तपासून घ्यायचे, आजच्या आज."

"मग बाटली निम्मी केली कोणी?" व्यवस्थापकांनी विचारलं.

 दाराशी उभ्या मेट्रनबाई अचानक म्हणाल्या, "कबुलीच चाललीय तर मीही एक सांगू का? माझ्या शेवंतीलाही तसाच पीळ पडलाय."

मेट्रनबाईंची शेवंती तिसऱ्या मजल्याच्या गच्चीत होती.

४

तिसरा मजला म्हणजे लिफ्ट, लांब बोळ आणि गच्चीचा उंच उंबरठा. मावशींनी तो उंबरठा पाच आठवड्यांत पहिल्यांदाच ओलांडला, आणि ओलांडल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शेवंतीची तीच कथा. शेंडा पिळलेला, कोवळी पानं चिंचोळी. गच्चीत आणखी चार कुंड्या होत्या, त्या ठणठणीत.

"हिच्यावर फवारा?"

"कधीच नाही."

"मग हिला असं काय दिलंत, जे बाकीच्यांना नाही?"

मेट्रनबाई ओशाळल्या. "माळीदादांनी डेलियाच्या बुंध्याशी कापलेलं गवत पसरलं होतं ना, ओल टिकावी म्हणून. त्यातलं दोन मुठी उचलून आणलं. न विचारता."

मावशींनी कुंडीतलं वाळकं गवत चिमटीत धरलं आणि भिंगाखाली घेतलं. त्यावर काहीच दिसत नव्हतं. विष दिसत नसतंच. पण आता सगळ्या गोष्टी एका ओळीत उभ्या राहत होत्या. फवारा मारला पण गवत पसरलं नाही, ती फाटकाजवळची झाडं सुखरूप होती. गवत घातलं पण फवारा मारला नाही, ती शेवंती पिळली होती. म्हणजे विष वरून आलंच नव्हतं. ते बुंध्याशी पसरलेल्या गवतातून पाण्याबरोबर मुळांत उतरलं होतं.

आणि कर्दळ? कर्दळीच्या बुंध्याशीही तेच गवत होतं. पण काही तणनाशकं अशी असतात की गवत आणि गवतासारखी झाडं ती सोडून देतात, फक्त रुंद पानांच्या रोपांना पीळ घालतात. हिरवळीत वापरायचं तणनाशक अगदी याच जातीचं असतं. हिरवळ राहते, तण जातं. कर्दळीचं पान रुंद दिसलं तरी ती गवतासारखीच एकदल, त्या जातीमुळे वाचली होती.

त्यांनी माळीदादांना बोलावलं. "ते गवत कुठलं?"

"मागच्या हिरवळीचं. गुडघे चालत नाहीत हल्ली, त्यामुळे सगळी हिरवळ कापत नाही मी. फक्त चालायचा पट्टा कापतो. बारा दिवसांपूर्वी कापला, तेच गवत वाफ्यात टाकलं."

"आणि हिरवळ ओली का असते?"

"ओली?" माळीदादा चक्रावले. "मोटार जळून तीन आठवडे झाले, बाई. वाफ्याला मी बादलीनं पाणी घालतो. हिरवळीला थेंब मिळालेला नाही."

 ज्या उत्तराच्या मागे मावशी लागल्या होत्या, ते आता त्यांच्याकडे चालत येत होतं आणि ते त्यांना नको होतं.

गच्चीच्या कठड्याला धरून त्यांनी खाली पाहिलं. वरून हिरवळ आखीव नकाशासारखी दिसत होती. सगळीकडे सराट्याच्या काटेरी तणाची पिवळी फुलं टिकल्यांसारखी विखुरली होती. फक्त मधोमध वीस पावलं लांब आणि चार पावलं रुंद असा एक पट्टा होता. त्यात एकही पिवळा ठिपका नव्हता.

५

मावशींनी त्या दिवशी कोणालाच काही सांगितलं नाही. अंदाज अंदाजच असतो. प्रयोगशाळेत चाळीस वर्षं त्यांनी हेच घोकलं होतं.

स्वयंपाकीणबाईंकडून त्यांनी घेवड्याच्या बिया मागून आणल्या. भिंगातून भाजी बघितल्याबद्दल माफी मागावी लागली, ती त्यांनी मागितली. सहा कागदी पेले घेतले. तीन पेल्यांत साधी माती, उरलेल्या तीन पेल्यांत तीच माती आणि वाफ्यातलं गवत चुरून. सहाही पेले सरावाच्या खोलीत उन्हाच्या खिडकीत मांडले.

"हे काय, मावशी?" पाऊलताईनं विचारलं.

"घेवडा फार बोलका असतो. आठवड्याभरात सांगेल सगळं."

पाऊलताई त्यानंतर रोज पेल्यांकडे बघायची. पाचव्या दिवशी कोंब वर आले. आठव्या दिवशी साध्या मातीतली तिन्ही रोपं दोन हात पसरून उभी होती. गवत घातलेली तिन्ही पिळून, मान वळवून, आडवी पडली होती.

पाऊलताईनं ती पाहिली आणि तिच्या हातातला टॉवेल गळून पडला. खोलीत दोघीच होत्या.

"वाफ्यातलं गवत... पट्ट्यातलं होतं?" तिनं हळूच विचारलं.

"हो गं."

ती बाकावर बसली. "मला वाटलं, दोन्हींचा संबंधच नाही. डेलिया कुठे, हिरवळ कुठे. बाटली सापडली तेव्हा घाबरले. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. रोज संध्याकाळी वाटायचं, डेलियाला मी हातही लावलेला नाही, मग काय सांगू?"

"शिंपीकाकांसाठी केलंस ना?"

"अकरा दिवस, मावशी! सात महिन्यांनी पहिलं पाऊल टाकलं आणि काटा. ते मला म्हणाले, आता मी चालणार नाही, माझ्यामागे लागू नकोस. माळीदादांना तण काढायला सांगावं तर त्यांना वाकता येत नाही. मदतनीस द्या म्हणून तीनदा अर्ज केला, उत्तर नाही. मग एका रविवारी सकाळी लवकर आले, झारीत औषध कालवलं आणि पट्ट्यावर ओतलं. किती घालायचं ते ठाऊक नव्हतं, अंदाजानं ओतलं. म्हणून तर सगळ्यांना बूट घालायला लावले."

"बुटांनीच तर मला तुझ्यापर्यंत आणलं. हिरवळ कोरडी ठणठणीत होती."

पाऊलताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला काढून टाकतील. उद्या तुम्ही नाव घ्याल."

"उद्या मी झाडांचं सांगेन," मावशी म्हणाल्या. "माणसांचं सांगायला माणसं आहेत."

६

बैठक सरावाच्या खोलीतच भरली, कारण रुग्णांनी यायचा हट्ट धरला होता. तीन विश्वस्त, व्यवस्थापक, पहिल्या रांगेत कॅप्टन, कोपऱ्यात माळीदादा. दोनच दिवसांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, ऑपरेशनची तारीखही मिळाली होती.

मावशींनी फाटकाजवळचा वाफा सांगितला, मेट्रनबाईंची शेवंती सांगितली. मेट्रनबाईंनी लाजून पदर सारखा केला. मग घेवड्याचे सहा पेले विश्वस्तांपुढे मांडले आणि भिंगही दिलं. तिन्ही विश्वस्तांनी आळीपाळीनं त्यातून पाहिलं आणि लहान मुलांसारखं पुन्हा मागून घेतलं.

"तेव्हा माळीदादांचा यात काडीचाही दोष नाही," मावशी म्हणाल्या. "तणनाशक हिरवळीच्या पट्ट्यावर टाकलं गेलं. तोच पट्टा कापून गवत वाफ्यात आलं. डेलियाचं वाईट कोणाच्याच मनात नव्हतं."

"पण टाकलं कोणी?" व्यवस्थापकांनी विचारलं.

मावशींनी पेले एकेक करून खिडकीत परत ठेवायला घेतले. 

"मी," पाऊलताई उभी राहिली. एका दमात तिनं सगळं सांगितलं, आणि शेवटी माळीदादांकडे वळून म्हणाली, "दादा, तुम्ही स्वतःवर घेतलंत तेव्हा मी दारामागे उभी होते. त्याच क्षणी आत यायला हवं होतं. आले नाही. त्याची मला झाडांपेक्षाही जास्त लाज वाटते."

माळीदादांनी हातातली टोपी फिरवली. "अगं वेडे," ते म्हणाले, "सराटा माझा होता. काढायचं काम माझं होतं. नीट दिसलं असतं तर बी धरण्याआधीच उपटला असता."

"आणि अर्ज माझ्याकडे होते," व्यवस्थापक अचानक बोलले. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर त्यांना घट्ट होत असावी. "तिन्ही. वाचले होते मी."

यावर मागून शिंपीकाका काठी आपटत उठले. "मला एवढंच सांगायचंय, हिला काढलंत तर मी पुन्हा बसून राहीन. कायमचा!" सात महिने जो माणूस उभा राहू शकत नव्हता, तो धमकी द्यायला न टेकता उभा राहिला होता. हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं आणि खोली हसण्यात बुडाली. विश्वस्तांना त्यानंतर कडक बोलणं जमलंच नाही. पाऊलताईला लेखी समज मिळाली, बाटली कुलपात गेली आणि कुलपाची किल्ली मेट्रनबाईंकडे.

७

वाफ्यातलं गवत उचलून टाकलं गेलं. माळीदादांनी मावशींच्या सांगण्यावरून कंद उकरले, धुतले आणि कोळशाची पूड मिसळलेल्या नव्या मातीत लावले. "सगळे वाचणार नाहीत," मावशींनी आधीच सांगून ठेवलं. अठरांपैकी पाच गेले. तेरांना तीन आठवड्यांनी कोंब आले, सरळ आणि गुबगुबीत. माळीदादांचं एका डोळ्याचं ऑपरेशन तोवर झालं होतं. त्यांनी ते कोंब स्वतः मोजले, दोनदा, आणि मग सगळ्यांना बोलावून तिसऱ्यांदा.

हिरवळीच्या सराट्याचा बंदोबस्त पाऊलताईनं केला. सकाळच्या व्यायामात तिनं नवा प्रकार घातला. वाकता येईल त्यानं वाकून आणि न येईल त्यानं बुटक्या स्टुलावर बसून, फूल दिसताच तण मुळासकट काढायचं. बोटांना ताकद, खुब्याला वळण, पाठीला ताण. कॅप्टन दहा तणांमागे एक शिंक देत, पण रांगेत पहिले तेच असत. व्यवस्थापकही एकदा आले, शर्टाच्या बाह्या दुमडून.

मावशींना घरी सोडायचा दिवस आला, तेव्हा भाचा गाडी घेऊन दहा वाजताच हजर झाला. मावशी खोलीत नव्हत्या, व्हरांड्यात नव्हत्या. शोधत शोधत तो मागच्या हिरवळीवर पोचला. स्टुलावर मावशी, शेजारी शिंपीकाका, पलीकडे मेट्रनबाई. मावशींचा हात मनगटापर्यंत मातीत होता.

"मावशी, निघायचं ना? गाडी उभी आहे दारात."

"थांब रे जरा," मान वर न करता मावशी म्हणाल्या. "याचं मूळ खोल गेलंय. घाई केली तर तुटेल."

भाच्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली. मग त्यानं चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी गवतावर बसला.